पायाची तपासणी

उंच अडथळ्यांवरून उड्या मारून बक्षिसं आणणारा तो सहाशे किलोचा घोडा जगासाठी चॅम्पियन असेल. त्याची निगा राखणाऱ्या मामांसाठी तो 'बाळ्या' होता. वर्षभर एका स्पर्धेतून दुसरीत नुसता पळवला होता त्याला, आणि सोमवारपासून त्याचा पुढचा डावा पाय हाताला गरम लागत होता.

"साहेब, तीन आठवडे मोकळा सोडा याला. पाय बोलायला लागलाय त्याचा," मामांनी कोचला विनवलं.

"फायनल तोंडावर आलीय, मामा. एवढ्या-तेवढ्याने घोडा मोडत नाही. बर्फ लावा."

चार दिवस मामा उकिडवे बसून बाळ्याचा पाय बर्फाच्या बादलीत धरून राहिले. पाचव्या दिवशी फायनलआधीची तपासणी होती. लगाम धरून, सोबत पळत घोडा पंचांसमोर पळवून दाखवायचा, घोडा लंगडला की बाद. कोचने सकाळीच बाळ्याच्या पायात गुपचूप बधिर करणारं इंजेक्शन ठोकलं आणि लगाम मामांच्या हातात दिला.

बाळ्या वाऱ्यासारखा पळाला. लंगडत होते ते मामा, कारण उकिडवं बसून बसून त्यांच्या गुडघ्याने संप पुकारला होता. पंचांनी हसत हसत घोडा पास केला.

कोच मात्र कळवळला. स्वतः खुर्ची आणून त्याने मामांना बसवलं.



"अहो मामा, दुखणं असं अंगावर काढतात का? तीन आठवडे जागचं हलायचं नाही! आणा तो लगाम इकडे, याच्या सरावाच्या वीस उड्या राहिल्यात अजून."