अण्णांचा बटू

“यांना मशीन लावत नाहीत. जुने केस असे चिमटीनं अलगद उपटायचे,” अण्णा म्हणाले. त्यांचा फॉक्स टेरिअर कुत्रा बटू मांडीवर डोळे मिटून पडला होता. “कोल्ह्याच्या बिळात घुसणाऱ्यांची जात ही. महाहट्टी! धाकानं नाही, गोडीनंच ऐकतो.”

माहेरी आलेली त्यांची लेक हेमांगी आतल्या आत जळत होती. ती पाच वर्षांची असताना आई गेली आणि महिन्याभरातच अण्णांनी न्हाव्याकडे नेऊन तिच्या लांब वेण्या कापून आणल्या होत्या.

“कुत्र्यासाठी बरा वेळ आहे तुमच्याकडे!” ती फणकारली. “माझ्या वेण्या तेवढ्या जड झाल्या होत्या.”

अण्णांचा हात थांबला. “रोज घालायला बसायचो गं. गुंता ओढला गेला की तू ‘आई’ म्हणून रडायचीस. मला ते ऐकवेना.”

हेमांगी त्यांच्या पायांशी पाठमोरी बसली. अण्णांची बोटं तिच्या केसांतून फिरू लागली, तशी बटूनं मांडीवरून उडी मारली आणि गुरगुरत तो दोघांच्या मध्ये घुसला.

“तुला रोज मिळतं की रे,” हेमांगी त्याला म्हणाली आणि जागची हलली नाही.