कुलपातली हेल्मेटं

अंधेरीच्या एमआयडीसीत आमचे हे क्रेनखाली उभे राहून ट्रकमध्ये लोखंडी पाइप भरून घेतात. कंपनीने हेल्मेटं दिलीत, पण ती मॅनेजरच्या कपाटात, कुलपात. फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचा असला की तेवढ्यापुरती बाहेर निघतात. मे महिन्यात क्रेनची साखळी सुटून यांच्यासोबत काम करणाऱ्या दशरथभावोजींच्या डोक्यात पाइप पडला. ते अजून घरच्यांना ओळखत नाहीत. तेव्हा मी यांच्यापुढे अक्षरशः हात जोडले, "हेल्मेट मागून घ्या." तर म्हणे, "पोरं भित्रा म्हणून चिडवतील गं."

गेले पाच आठवडे मात्र हेल्मेटं रोज बाहेर आहेत. काल जेवताना हे वैतागलेच.

"दर सोमवारी मॅनेजरला निनावी पोस्टकार्ड येतं, या आठवड्यात इन्स्पेक्टरची धाड आहे म्हणून. येत कुणी नाही, आमची डोकी मात्र उकडून निघतायत. कोण मेला लिहितोय तो सापडू दे, पोरं बडवणार आहेत त्याला."

"बडवायलाच हवं," म्हणत मी आमटी वाढली.



हे कामावर गेल्यावर बाळाला मांडीवर घेतलं आणि येत्या सोमवारचं कार्ड डाव्या हाताने लिहायला बसले.