घरचा भाव

दार उघडताच वास आला. साचलेल्या पाण्याचा, कोंदट कपड्यांचा आणि त्यावर फवारलेल्या कसल्याशा गोड अत्तराचा. वडिलांनी रुमाल नाकाला लावला. लेकीने नाही लावला. गेल्या महिन्याभरात अशा खोल्या बघून तिचं नाक मेलं होतं.

"या, या. चपला राहू द्या पायात," मालकीणबाई म्हणाल्या. "उजेड भरपूर आहे." आणि त्यांनी दिवा लावला.

वडिलांना तिने मुद्दाम आणलं होतं. राहती जागा महिनाअखेर सोडायची होती. नवरा कारखान्यात दोन-दोन पाळ्या करत होता. वडिलांच्या घराचा वरचा मजला उन्हाळ्यापासून रिकामा होता, पण तो तिने तोंडाने कधी मागितला नव्हता. आपल्या वाट्याला काय येतंय ते त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की मागावं लागणार नाही, असं तिला वाटत होतं.

येताना बसमध्ये मात्र त्यांची नेहमीची टकळी चालू होती. "कापलेली फळं विकत घेणारी माणसं तुम्ही! आम्ही आख्खं कलिंगड खांद्यावरून आणायचो. कपडे लाँड्रीत, जेवण बाहेरून, दारात रोज एक पार्सल. तिशीत घर बांधलं मी, एकट्याच्या पगारात."

"बाबा, तेव्हा एका पगारात घर होत होतं. आता दोघांच्या पगारात खोली होत नाही."

"हात आखडता घेतला की सगळं होतं."

आता ते खोलीच्या मधोमध उभे होते, आणि दोन्ही हात पसरले असते तर दोन्ही भिंतींना लागले असते. शेगडी संडासाच्या शेजारी होती; मधे प्लॅस्टिकचा पडदा, खालून काळ्या बुरशीने चिकट झालेला. मोरीच्या जाळीत कुणाच्या तरी केसांचा गुंता. कढईत आधीच्या बिऱ्हाडाचं तेल थिजलं होतं आणि तेलात एक झुरळ पाय वर करून.

"आवरून घ्याल तुम्ही," मालकीणबाई म्हणाल्या. "काम काय करता?"

"दातांच्या कवळ्या बनवते."

"अगंबाई, मग ही बघा की जरा. सैल झालीय." त्यांनी वरची कवळी काढून तळहातावर पुढे केली. फटीत दुपारचं जेवण अडकलं होतं. "नुसतं बघायला काय जातंय? आता आपण घरच्याच झालो."

लेकीने मान डोलावली आणि नजर भिंतीकडे वळवली. ती भिंत प्लायवूडची होती. पलीकडे कुणीतरी खाकरलं, बराच वेळ घशात घोळवलं आणि थुंकलं. लेकीने नकळत तोंड मागे घेतलं.

"पलीकडे कोण?" वडिलांनी विचारलं.

"एक मास्तर." मालकीणबाईंनी कवळी बसवली. "त्यांच्या पलीकडे दोन नर्सबाई. कडेला एक कुटुंब. सगळे पगारदार हो, सभ्य."

"म्हणजे ही सगळी मिळून एकच खोली होती?"

"आमचा दिवाणखाना! माझ्या मुलांचे वाढदिवस इथंच व्हायचे."

वडिलांनी भाडं विचारलं. मालकीणबाईंनी आकडा सांगितला. रुमाल नाकावरून खाली आला.

"चारही खोल्यांचं मिळून?"

"छे हो. एकीचं. पाण्याचे वेगळे."

पडदा, मोरी, पंखा, सगळ्यावरून वडिलांची नजर सावकाश फिरली. लेक त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. इतकं गप्प तिने त्यांना आईच्या आजारपणातच पाहिलं होतं. कळलं यांना, तिला वाटलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, दोनदा थोपटलं. मग ते भिंतीपाशी गेले आणि बोटाच्या पेराने प्लायवर टकटक केलं.

"काय आहे?" पलीकडून मास्तर खेकसले.

"किती जाडीचा आहे हो?" वडिलांनी मालकीणबाईंना विचारलं. "कुणाकडून करून घेतलंत?"

"भाच्याकडून. दोन दिवसांत उभं करतो."

"माझा वरचा मजला पडूनच आहे. तीन मोठ्या खोल्या. सहा निघतील?"

"सहा कशाला? आठ काढा. मोरी मात्र एकच ठेवा, नळाचा खर्च वाचतो."

"बाबा," लेक म्हणाली.

"अगं, तुझाच विचार करतोय. त्यातली एक तुला. अनामत नको. भाडंही याच्याहून थोडं कमी लावीन, घरचा भाव. अगदी फुकट दिली तर तुम्हाला किंमत राहत नाही."

"असे वडील नशीब असेल तरच मिळतात," मालकीणबाई म्हणाल्या.

लेकीने ओढणी कमरेला खोचली आणि कुंच्यासाठी दारामागे पाहिलं. तिथं नव्हता.

"बाई, झाडू कुठं असतो? आणि चावी आजच द्या."

"ही घेतेस?" वडील चकित झाले. "आणि हा वास? केवढा येतोय बघ."

"येतोय. पण हा फिनाईलनं जाईल."

वडिलांचं लक्ष नव्हतं. मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून ते भाच्याचा नंबर घालत होते, आणि शेवटचे दोन आकडे मालकीणबाईंना पुन्हा विचारत होते.