ड्यूटी संपेपर्यंत

हॉटेलच्या काउंटरसमोर बाबांना पाहून हर्षला दचकली. ते रेवदंड्याहून थेट आले होते. पायांत चपलाही नव्हत्या.

"हर्षू, नितेशची होडी परवापासून परतली नाही गो. बहिणीला तरी काही कळवलंय का त्यानं?"

"नाही" म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण हॉटेलनं सगळ्या कर्मचाऱ्यांच्या घशात बसवलेली चकती ड्यूटी संपेपर्यंत इंग्रजीच बोलू द्यायची, तेही सरावात घोटून घेतलेली वाक्यंच.

"डोन्ट वरी, सर," तिच्या गळ्यातून गोड आवाज आला. "एव्हरीथिंग इज फाइन."

बाबांचा चेहरा उजळला. "फाइन? म्हणजे फोन आला त्याचा? सुखरूप आहे पोर?"

डोळे पुसत ते खिशातला मोबाइल चाचपू लागले. हर्षला जोरजोरात मान हलवत होती, ते त्यांना दिसलंच नाही. काउंटरवर वाकून तिनं त्यांची बाही ओढली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली,

"यू आर वेलकम, सर!"

बाबांनी तिचा हात प्रेमानं थोपटला. तोवर घरी फोन लागला होता.

"अगं, रडू नकोस आता," ते म्हणाले. "पोरगा सापडला. हर्षूनं स्वतः सांगितलं."