घाईराव मेला

घाईराव खांबावरून धाडकन खाली आला, जागच्या जागी मेला, आणि सगळा वर्ग पोट धरून हसला.

शेवटच्या बाकावर बसलेल्या प्राचार्या मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. विजेच्या तारांवर काम करणारे लाइनमन तयार करणारी ही संस्था त्यांच्या हाती येऊन पंधरवडाही झाला नव्हता आणि पहिलीच तक्रार आली होती ती या वर्गाची. एका मुलीच्या वडिलांनी फोनवर त्यांना चांगलंच ऐकवलं होतं. "पोरीला जिवावरचं काम शिकायला पाठवलंय आम्ही. आणि तुमचे मास्तर मरणावर विनोद सांगतात!"

तक्रारीत खोटं काही नव्हतं. टक्कल पडलेले, सुटलेल्या पोटाचे मास्तर टेबलालाच खांब समजून चढत होते. ते घाईराव झाले की खांदे उडवायचे. "लाईन बंद केलीय हो! टेस्टर बिस्टर कशाला? पाच मिनिटांचं तर काम!" असं म्हणत हवेतल्या तारेला हात घालायचे. वर्ग एका सुरात ओरडायचा, "टेस्टर कुठंय, घाईराव?" मग डोळे पांढरे, जीभ बाहेर, आणि मास्तर टेबलावर आडवे. आज घाईराव तिसऱ्यांदा मेला होता. एकदा म्हणे जेवायची घाई होती, एकदा सासऱ्यांची गाडी गाठायची होती.

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीज कंपनीच्या सुरक्षा विभागात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. अपघात झाला की तिथे जायचं, काय चुकलं ते पाहायचं आणि मग त्या माणसाच्या घरी जाऊन दार वाजवायचं. दार उघडणाऱ्या बायकांचे चेहरे त्या अजून विसरल्या नव्हत्या. आणि हा माणूस तेच मरण जीभ बाहेर काढून दाखवत होता. अशा माणसाच्या हाती पोरांचे जीव द्यायचे?

वर्ग संपला. पोरं खिदळत मास्तरांबरोबर मागच्या मैदानात खांबावरच्या कामाला गेली. मॅडमनी व्हरांड्यातच कारकुनाला गाठलं.

"मास्तरांची बदली भांडारात. उद्यापासून. ऑर्डर आत्ताच्या आत्ता टाईप करा."

"लाईट नाहीये, मॅडम. खांबाची आणि ऑफिसची लाईन एकच ना. मुलांच्या कामासाठी बंद केलीय."

"मग जनरेटर लावा! सगळं मीच सांगायचं का?" असं खेकसून त्या तरातरा मैदानाकडे निघाल्या. मास्तरांना काय ते तोंडावर सांगायचं होतं.

खांबावर एक मुलगी चढत होती. सगळ्यात चपळ, म्हणून वर्ग तिला खार म्हणायचा. तिची आज पहिलीच वेळ होती. मॅडमना येताना पाहून ती आणखीच सरसर वर गेली. तिने कमरेचा पट्टा खांबाला अडकवला. हातमोजे मात्र पट्ट्यात खोचलेले तसेच राहिले. खाली पाहून ती ऐटीत हसली आणि तिने तारेकडे उघडा हात नेला.

"टेस्टर कुठंय, घाईराऽव?" खालून सगळ्यांनी एकच गिल्ला केला. कोणीतरी जीभही बाहेर काढून दाखवली.

खारीचा हात वीतभर अंतरावर थांबला. "अगं बाई!" म्हणत तिने कपाळावर हात मारला. हसत हसतच तिने हातमोजे चढवले, टेस्टर काढला आणि त्याचं टोक तारेला लावलं.

टेस्टरचा दिवा पेटला.

खालचं हसू जागच्या जागी विरलं. त्या शांततेत इमारतीमागची घरघर सगळ्यांना ऐकू आली. बंद केलेल्या लाईनवर ऑफिसच्या तारांतून जनरेटरचा करंट उलटा आला होता. मॅडमना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. असे अपघात त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आज मात्र जनरेटर लावायला त्यांनी स्वतः सांगितलं होतं.

"बंद करा! जनरेटर बंद करा!" त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या. आणि इमारतीकडे पळाल्या.

घरघर थांबली. मास्तरांनी खारीला हलकेच एकेक पाऊल सांगत खाली उतरवलं, सावलीत बसवलं आणि पाणी दिलं. थोड्या वेळाने मास्तरांनीच पोरांना वर्गात पिटाळलं.

मॅडम जवळ आल्या.

"जनरेटर मी लावायला सांगितला होता, मास्तर. तुमच्या बदलीची ऑर्डर टाईप करायला."

मास्तरांनी रिकामं भांडं खाली ठेवलं.

"ती ऑर्डर आता निघणार नाही. वर्ग तुमचाच. माझ्या चुकीचा रिपोर्ट मी स्वतः वर पाठवते." मॅडम म्हणाल्या. "फक्त एक मागते तुमच्याकडे. त्या घाईरावाला दर वेळी मारू नका हो. या पोरांत एखाद्याच्या घरचं माणूस खरंच असं गेलेलं असेल. त्याला काय वाटत असेल?"

"माझ्याच घरचा आहे तो, मॅडम," मास्तर म्हणाले. "माझा धाकटा भाऊ. सुरुवातीला काही वर्षं त्याची गोष्ट मी रडत सांगायचो. पोरंही माझ्याबरोबर रडायची. आणि खांबावर चढली की टेस्टर विसरायची."