तिघांची एकच कादंबरी

'वाचनकट्टा' या ऑनलाइन गटावर तेजलने परदेशातून एक नवी कादंबरी सुचवली आणि खाली लिहिलं, "आई, ही नक्की वाच. शेवट वाचलास की बोलू."

सांगलीत तिच्या आईने, शैलजाताईंनी, टॅबवर ती दोन दिवसांत संपवली. शेवटी परदेशी गेलेली मुलगी कायमची घरी परतते. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी गटावरच लिहिलं, "समजलं गं. तुझी खोली आवरायला घेते."

"कुठली मुलगी?" दिनकर चौगुले नावाच्या वाचकाने विचारलं. "माझ्या कादंबरीत मुलगा आहे. तो गावात डेअरी काढतो."

शैलजाताई गोंधळल्या. नाव तेच, मुखपृष्ठ तेच, लेखिकाही तीच.

गट चालवणाऱ्या बाईंनी खुलासा केला, "नवी पुस्तकं अशीच असतात हो. वाचणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखून ती बदलत जातात."

शैलजाताईंनी तेजलला फोन लावला. "तुझ्या पुस्तकातली मुलगी परत येते ना?"

"नाही आई. ती तिथेच राहते. आणि तिची आई म्हणते, राहा, माझी काळजी करू नकोस." मग तेजल चाचरत म्हणाली, "मला वाटलं, तूही तेच वाचलंस."

दोघींपैकी चुकीचं कुणीच वाचलं नव्हतं.

"तुझं पुस्तक मला वाचून दाखव," शैलजाताई म्हणाल्या. "पहिल्या पानापासून."

तेजल वाचू लागली. पहिलंच वाक्य वेगळं होतं. शैलजाताई मध्ये न बोलता ऐकत राहिल्या.