गुरुवारपर्यंत काका नको

सोमवारी सकाळी ठरलं, की गुरुवारपर्यंत ऑफिसात मोरेश्वर दामल्यांना कुणीही काका म्हणायचं नाही. गुरुवारी सरकारी अधिकारी येणार होत्या. नोकरीत सगळ्यांना समान संधी मिळते की नाही, ते त्या तपासणार होत्या. मालकाला अर्धं ऑफिस काका म्हणतं असं कळलं, तर उरलेल्या अर्ध्याचं काय, असं त्यांनी नक्की विचारलं असतं.

गुरुवारच्या प्रश्नोत्तरांची तालीम घ्यायला जर्सी सिटीहून प्रीता नावाची वकीलबाई आली होती. तासावर फी लावत असल्यामुळे ती हसण्यात वेळ घालवत नसे. एडिसनमधल्या ऑफिसच्या कॉन्फरन्स रूममध्ये तिनं अधिकाऱ्याची खुर्ची घेतली आणि समोर उल्का रेगेला बसवलं.

उल्का नऊ वर्षं कंपनीत होती. टीम लीड झालेल्या सौमित्रला काम तिनंच शिकवलं होतं. सौमित्र हा काकूंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. पण तो निव्वळ योगायोग, असं काका स्वतःच सांगत. उल्काचं ग्रीन कार्ड कंपनीमार्फत यायचं होतं, त्यामुळे योगायोगावर तिचाही विश्वास होता.

"लीडची जागा भरायची आहे, हे तुम्हाला कसं कळलं?" प्रीतानं विचारलं.

"टाळ्या ऐकू आल्या."

"कुठे?"

"काकांच्या घरी. गुढीपाडव्याला सगळे जेवायला होतो ना, तेव्हा हॉलमध्ये अनाउन्स झालं."

"मिस्टर दामल्यांच्या घरी. आणि तुम्ही कुठे होता?"

"किचनमध्ये. पुऱ्या तळत होते."

बाजूला बसलेले मोरेश्वरराव खुलले. "अहो, हिच्या पुऱ्या काय फुगतात म्हणून सांगू!"

प्रीतानं पेन खाली ठेवलं. "सर, गुरुवारी पुऱ्या नकोत. पाडवा नको, घरही नको. उल्का, तू फक्त एवढंच सांगायचं, की मी त्या जागेसाठी अप्लाय केलं नव्हतं. खोटं आहे का ते?"

उल्कानं विचार केला. खोटं नव्हतंच. घरात मागायचं नसतं, न मागता मिळतं, असं काका म्हणत, आणि मिळेही. दिवाळीला फराळाचा डबा, तापात काकूंच्या हातची मऊ खिचडी. खिचडी खाल्लेल्या तोंडानं पुढचं काही मागवत नसे. पण हे वाक्य गुरुवारी एकदा तोंडातून गेलं, की ते सरकारदरबारी कायमचं खरं होणार होतं.

"मग आता करते," ती म्हणाली.

"काय?"

"अप्लाय." ती मोरेश्वररावांकडे वळली. काका म्हणायची बंदी होती म्हणूनच बहुधा जीभ अडखळली नाही. "मिस्टर दामले, मला लीडची पोझिशन हवी आहे. सौमित्रपेक्षा माझा अनुभव कितीतरी जास्त आहे."

सासरी गेलेल्या मुलीनं येऊन वाटणी मागावी, तसा मोरेश्वररावांचा चेहरा झाला. "अगं उल्का! घरातलं माणूस असं बोलतं का गं?"

"सर, घर नको म्हटलं ना," प्रीता म्हणाली.

मोरेश्वरराव थांबले. त्यांनी टाय सरळ केला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते उल्काशी इंग्रजीतून बोलले, आणि तेही एक चूक न करता. सध्या अशी जागा रिकामी नाही; झाली की कंपनीच्या वेबसाइटवर दिसेल; इथे सर्वांना समान संधी आहे.

"परफेक्ट!" प्रीता चक्क हसली. "जमलं की सर तुम्हाला! गुरुवारी अस्संच बोला."

मग प्रीतानं उल्काच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मोरेश्वररावांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि उल्काच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

"दमलीस गं तू. गुरुवारी घरीच राहा, बाळ. पगारी रजा समज."

"सर," कागद आवरता आवरता प्रीता म्हणाली, "बाळ नाही. मिस रेगे."